नामदारांचं उपरणं

पुण्यातल्या फर्ग्युसन कॉलेज रस्त्याला नामदार गोपाळ कृष्ण गोखल्यांचं नाव दिलेलं आहे. काही दुकानदार पत्ता छापताना ते अजून लिहितात, बोलताना मात्र ते सहसा कुणाच्या तोंडी येत नाही. गोखल्यांचं एकूणच असं झालंय. शाळेच्या पुस्तकात 'मवाळ' या शब्दापुढे त्यांचं नाव येतं, 'जहाल' या शब्दापुढे टिळकांचं, आणि जोड्या जुळवल्या की धडा संपतो. मवाळ म्हणजे अर्ज-विनंत्या करणारे, इंग्रजांच्या न्यायबुद्धीवर भरवसा ठेवणारे, भाषणं उत्तम पण हाती काही न लागलेले, असं चित्र आपल्या डोक्यात पक्कं बसतं.

मग एक कोडं उरतं. अर्ज-विनंत्यांचं राजकारण ज्या माणसाने मागे टाकलं, लाखो सामान्य माणसांना तुरुंगात जायला तयार केलं, त्या गांधींनी आपला राजकीय गुरू म्हणून आयुष्यभर गोखल्यांचं नाव घेतलं. वरवर पाहता टिळक जास्त जवळचे वाटायला हवे होते. तरीही गोखलेच का?

याचं एक उत्तर गांधींनी गोखल्यांच्या आठवणी कशा लिहिल्या त्यात आहे. आत्मकथेत आणि 'दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाचा इतिहास' या पुस्तकात गोखल्यांवर बरीच पानं खर्ची पडली आहेत. पण त्यांत गोखल्यांची प्रसिद्ध अंदाजपत्रकावरची भाषणं जवळजवळ नाहीत. तिथे ट्राम आहे, फराळाचा डबा आहे, एक खाट आहे, एका उपरण्याची इस्त्री आहे आणि मराठी येतं की नाही यावरून झालेली थट्टा आहे. मोठ्या माणसाच्या आठवणी लिहिताना आपण सहसा त्याचं मोठेपण लिहितो. गांधींनी मुख्यतः त्यांच्याशी झालेले खटके लिहिले.

दोघांची पहिली भेट ऑक्टोबर १८९६ मधली. गांधींनी नुकतीच सत्तावीस वर्षं पूर्ण केली होती. (माझं वय आज साधारण तेवढंच आहे, आणि त्या वयात अनोळखी शहरातल्या नामांकित माणसाचं दार वाजवायला जी छाती लागते तिचा मला हेवा वाटतो.) गोखले तीस वर्षांचे होते, फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक. म्हणजे गुरू आणि शिष्य यांच्यात अंतर जेमतेम साडेतीन वर्षांचं.

गांधी दक्षिण आफ्रिकेतून बायकामुलांना न्यायला आले होते, पण सोबत दुसरं एक काम होतं. नाताळमधल्या हिंदी मजुरांची हकिगत त्यांना इथे सांगायची होती. करारावर उसाच्या मळ्यांत आणि खाणींत राबायला नेलेले हे मजूर मुदत संपल्यावर तिथेच स्थायिक होऊ लागले, तेव्हा गोऱ्या वसाहतवाल्यांना ते नकोसे झाले. १८९५ साली नाताळने कायदा केला की करार संपलेल्या मजुराने एकतर परत जावं, नाहीतर नवा करार करावा, नाहीतर दरवर्षी तीन पौंडांचा कर भरावा. मूळ बेत पंचवीस पौंडांचा होता, व्हाइसरॉयने तो तीनवर आणला. पुढे हा कर बायकोलाही लागू झाला, सोळा वर्षांवरच्या मुलाला आणि तेरा वर्षांवरच्या मुलीलाही. नवरा-बायको आणि दोन मुलं असतील तर वर्षाला बारा पौंड. गांधींच्या हिशोबाने अशा घरातल्या कर्त्या पुरुषाची सरासरी कमाई महिन्याला चौदा शिलिंगांच्या वर कधी जात नव्हती. चौदा शिलिंग महिना म्हणजे वर्षाला साडेआठ पौंडांच्या आसपास. एकट्याच्या अख्ख्या वर्षाच्या कमाईपेक्षा कर जास्त! हा तीन पौंडांचा आकडा लक्षात ठेवायला हवा. सोळा वर्षांनी तो पुन्हा येणार आहे आणि गोखल्यांच्याच हातून येणार आहे.

गांधींनी राजकोटला बसून हिरव्या मुखपृष्ठाची एक पुस्तिका लिहिली, तिच्या दहा हजार प्रती छापल्या आणि मग शहरोशहरी निघाले. मुंबईत रानड्यांना भेटले, बद्रुद्दिन तय्यबजींना भेटले. दोघांनीही एकच सल्ला दिला, की फिरोजशहा मेहतांना गाठा. फिरोजशहांनी सभा भरवली, पण गांधींचा आवाज एवढ्या मोठ्या सभागृहात पोचेना आणि शेवटी त्यांचं लिखित भाषण दिनशा वाच्छांनी वाचून दाखवलं. हा झाला मुंबईचा अनुभव. काम झालं, पण माणूस बुजलेलाच राहिला.

त्या वर्षीचं पुणं म्हणजे भांडणाचं गाव. टिळकांनी १८९० साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली होती. १८९५ मध्ये सार्वजनिक सभा टिळकांच्या गटाकडे गेली, त्याच वर्षी पुण्यात काँग्रेसचं अधिवेशन झालं आणि त्याच मांडवात सामाजिक परिषद भरवायची की नाही यावरून गाव दुभंगलं. रानडे-गोखल्यांनी १८९६ मध्ये वेगळी डेक्कन सभा काढली. अशा गावात दोन्ही बाजूंची मदत मागायला एक परका तरुण येतो.

गांधी आधी टिळकांकडे गेले. टिळकांनी त्यांना झिडकारलं नाही, उलट शहाणपणाचा सल्ला दिला. दक्षिण आफ्रिकेच्या प्रश्नावर दुमत असायचं कारण नाही, पण अध्यक्ष मात्र कोणत्याही गटाचा नसलेला हवा, तेव्हा भांडारकरांना भेटा. एरवी सार्वजनिक कामात न पडणारे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर या कामासाठी कदाचित बाहेर पडतील, असा टिळकांचा अंदाज होता, आणि तो खरा ठरला. भर दुपारी दारात आलेल्या या तरुणाची धडपड पाहून भांडारकर अध्यक्ष व्हायला तयार झाले. टिळक-गोखल्यांच्या भांडणाच्या अनेक कथा आपण चवीने सांगतो. त्या भांडणाच्या ऐन भरात दोघांनी एका परक्या माणसाच्या कामासाठी एकमेकांना आडवं जायचं टाळलं, ही कथा कमी सांगितली जाते.

मग गांधी फर्ग्युसनच्या आवारात गोखल्यांना भेटले. या भेटीत घडलं तसं काहीच नाही. गोखल्यांनी आपुलकीने बसवून घेतलं. शाळेत नाव घालायला आलेल्या मुलाची मास्तर चौकशी करतात तशी बारीक चौकशी केली. कुणाला भेटायचं, कसं भेटायचं ते सांगितलं. भाषण कसं लिहिलंय ते बघायला मागितलं. कॉलेज फिरवून दाखवलं. भांडारकर काय म्हणतात ते मला कळवा, असं सांगून निरोप दिला. बस, एवढंच.

पण गांधी तिथून जे निघाले ते हरखून निघाले. या तिन्ही नेत्यांची त्यांनी पुढे केलेली तुलना प्रसिद्धच आहे. फिरोजशहा त्यांना हिमालयासारखे वाटले, चढून जाता न येणारे. टिळक समुद्रासारखे, ज्यात सहज उतरायची हिंमत होत नाही. आणि गोखले गंगेसारखे, जिच्यात कुणीही डुबकी मारावी. ही तुलना वाचताना आपण बहुधा हिमालय मोठा की गंगा, असा विचार करतो. मला वाटतं, गांधी इथे मोठेपण मोजतच नाहीत, जवळ किती जाता येतं ते सांगतायत. गोखल्यांनी त्यांना काय दिलं? प्रश्न विचारले आणि मसुदा वाचायला मागितला. आज ऑफिसात 'मेंटॉर' हा शब्द फार स्वस्त झालाय, पण ज्यांनी नोकरीच्या पहिल्या वर्षी कुणाला तरी आपलं काम दाखवलंय त्यांना हे लगेच कळेल. पाठीवर थाप मारणारे पुष्कळ भेटतात. तुमचं लिहिलेलं मागून घेऊन ओळ न ओळ वाचणारा क्वचित भेटतो.

दुसरी मोठी भेट पाच वर्षांनंतरची. १९०१ च्या डिसेंबरात कलकत्त्याला काँग्रेस भरली होती, अध्यक्ष दिनशा वाच्छा. गांधी दक्षिण आफ्रिकेवरचा ठराव घेऊन आले होते. रात्र चढलेली, विषय नियामक समितीतले सगळे उठायच्या घाईत, आणि कोपऱ्यात बसलेल्या गांधींना आपला ठराव राहून जाणार असं वाटत होतं. गोखल्यांनी तो आधी वाचून ठेवला होता. त्यांनी आठवण करून दिली, ठराव मांडला गेला. अधिवेशन संपल्यावर गोखल्यांनी गांधींना आपल्याकडे राहायला बोलावलं आणि गांधी महिनाभर त्यांच्या घरी राहिले.

या पाच वर्षांत गोखल्यांवर एक मोठा घाव बसून गेला होता. १८९७ साली ते वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला इंग्लंडला गेले असताना पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात गोऱ्या सोजिरांनी केलेल्या अत्याचारांच्या बातम्या त्यांना पत्रांतून कळल्या. त्यांनी त्या तिथे जाहीर केल्या. परत आल्यावर पुरावा देता येईना, कारण पत्र लिहिणाऱ्यांची नावं उघड करायची नव्हती. गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. सगळा दोष स्वतःवर घेतला, नावं सांगितली नाहीत. पुण्यात त्यांना भेकड म्हटलं गेलं. गांधी कलकत्त्यात ज्या गोखल्यांच्या घरी उतरले ते हे गोखले होते, लोकांच्या टाळ्या एकदा गमावलेले आणि तरी कामाला लागलेले.

महिनाभर एकत्र राहिल्यावर मात्र शिष्य गुरूला प्रश्न विचारायला लागला. गोखले कुठेही जायचं तर घोडागाडीतून जात. गांधींना ते खटकलं. ट्रामने का जात नाही, असं त्यांनी सरळ विचारलं. गोखल्यांना थोडं लागलं. त्यांनी समजावून सांगितलं, की आपल्याइतकं नाव झालं की ट्रामने हिंडणं किती अवघड होतं ते तुम्हाला तुमच्यावर ती पाळी आली की कळेल. तुमचा साधेपणा मला आवडतो, मीही जमेल तेवढा साधाच राहतो, पण माझ्यासारख्याला काही खर्च टळत नाहीत. गांधींची ही तक्रार मिटली, पण दुसरी तयारच होती. मग चालायला तरी का जात नाही? अशाने प्रकृती कशी सुधारेल? त्यावर गोखले म्हणाले, की मला चालायला जाण्याइतकी मोकळीक कधी असते ते तुम्हीच सांगा. गांधी गप्प बसले, पण पटलं नाही, हेही त्यांनी लिहून ठेवलं. कितीही काम असलं तरी माणूस जसा जेवायला वेळ काढतो तसा व्यायामालाही काढायला हवा, हे त्यांचं मत होतं. गोखले मधुमेहाने झिजत होते. वयाच्या ४८ व्या वर्षी ते गेले. तेव्हा पाचेक दशकांच्या आतल्या त्या आयुष्याकडे मागे वळून बघताना ही लहानशी कुरबूर वेगळीच वाटते. शिष्याचा उद्धटपणा कमी आणि धाकट्या भावाची काळजी जास्त.

त्याच मुक्कामात रानड्यांची पुण्यतिथी आली. रानडे जाऊन एकच वर्ष झालं होतं. गोखल्यांनी घरी आलेल्या मित्रांपुढे रानड्यांविषयी सांगितलं. न्यायाधीश तर होतेच, पण इतिहासकार, अर्थशास्त्रज्ञ, सुधारकही होते, आणि सरकारी नोकरीत असूनही काँग्रेसला उघड हजर राहत. गांधींनी हे ऐकलं. त्यांच्या लक्षात राहिलं ते असं, की गोखल्यांच्या बोलण्यात रानडे क्षणोक्षणी यायचे. गुरूला स्वतःचाही एक गुरू आहे आणि तो त्याला विसरलेला नाही, हे शिष्याने पाहिलं.

मुक्काम संपला तेव्हा गांधींनी ठरवलं, की कलकत्त्याहून राजकोटला तिसऱ्या वर्गाने जायचं, वाटेत काशी, आग्रा, जयपूर, पालनपूर बघायचं, म्हणजे लोक कसा प्रवास करतात ते कळेल. गोखल्यांनी आधी थट्टा केली. हेतू कळल्यावर मात्र लाडू आणि पुऱ्या भरून एक धातूचा डबा दिला आणि निरोप द्यायला स्वतः स्टेशनवर आले. पहिल्या वर्गाने जात असता तर आलो नसतो, पण आता यायलाच हवं होतं, असं त्यांचं म्हणणं. बरोबर प्रफुल्लचंद्र राय होते, ज्यांच्या आठशे रुपये पगारातले चाळीसच स्वतःसाठी ठेवण्याचं कौतुक गोखले करत. फलाटावर एक गंमत झाली. रेशमी पगडी, कोट, धोतर अशा वेशातल्या गोखल्यांना कुणी अडवलं नाही, पण साध्या बंगाली वेशातल्या प्रफुल्लचंद्रांना तिकीट कलेक्टरने दारातच थांबवलं. गोखल्यांनी हे माझे मित्र म्हटल्यावर सोडलं. ट्रामबद्दलच्या वादाचं उत्तर त्या फलाटावर आपोआप मिळालं असं म्हणता येईल. पगडी म्हणजे काही नुसती हौस नव्हती, ती दारं उघडायची. आणि ज्यांच्याकडे पगडी नाही त्यांचं काय, हा गांधींचा प्रश्नही तिथेच उभा होता.

तिसरी भेट दक्षिण आफ्रिकेत. २२ ऑक्टोबर १९१२ रोजी गोखले केपटाउनला उतरले. त्याआधी, १९१० च्या फेब्रुवारीत, त्यांनी इंपीरियल कौन्सिलात ठराव आणून नाताळला करारी मजूर पाठवणं थांबवण्याची मागणी केली होती आणि ती मान्य होऊन १९११ पासून ती भरती बंद झाली होती. आता उरलेल्या मजुरांच्या मानेवरचा तीन पौंडांचा कर काढायचा होता.

जोहान्सबर्गला हिंदी लोकांनी त्यांना मोठी मेजवानी दिली. त्या वेळची उपरण्याची गोष्ट मला या सगळ्या आठवणींत सर्वांत मोलाची वाटते. गोखल्यांकडे रानड्यांनी दिलेलं एक उपरणं होतं. खास प्रसंगीच ते अंगावर घेत. नेमकं ते चुरगळलेलं निघालं आणि धोब्याकडे द्यायला वेळ नव्हता. गांधी म्हणाले, मी इस्त्री करतो. गोखल्यांना वाटलं, वकील म्हणून तुमच्यावर विश्वास आहे, धोबी म्हणून नाही. डाग पडला तर? हे माझ्यासाठी काय आहे ते ठाऊक आहे ना? आणि मग त्यांनी त्या उपरण्याची हकिगत सांगितली. गांधी हट्टालाच पेटले, त्यांनी इस्त्री केली, आणि गोखल्यांकडून पास झाल्याची पावती मिळवली. नंतर जगाने प्रमाणपत्र दिलं नाही तरी चालेल, असं त्यांना वाटलं.

रानड्यांचं उपरणं, गोखल्यांच्या खांद्यावर, गांधींच्या इस्त्रीखाली. वारसा वगैरे मोठे शब्द आपण वापरतो तेव्हा प्रत्यक्षात काय हातातून हातात जातं, हे इतकं नेमकं क्वचितच दिसतं. त्यात धाकधूकही आहे. देणाऱ्याला वाटतं, याच्या हातून जळणार तर नाही ना?

दुसरी गोष्ट मराठीची. जोहान्सबर्गला कोकणी मुसलमानांची आणि थोड्या महाराष्ट्रीय मंडळींची सभा होती. गोखले सगळीकडे इंग्रजीत बोलत. गांधींनी आग्रह धरला, की इथे मराठीत बोला, मी हिंदुस्थानीत भाषांतर करतो. गोखले खो-खो हसले. तुमचं हिंदुस्थानी किती आहे ते मी पाहिलंय, त्याबद्दल अभिनंदन करावं असं काही नाही, आता त्यात मराठीची भर! एवढं मराठी शिकलात तरी कुठे? गांधींनी सांगितलं, की ओळखीच्या विषयावरचं मराठी मला कळतं, अडलं तर मराठी जाणणारे लोक शेजारी आहेत. गोखल्यांनी मानलं. ते मराठीत बोलले, गांधींनी उलथं केलं, आणि गोखल्यांना ते पसंत पडलं. तिथून झांजीबारपर्यंत अशा सभांत ते मराठीतच बोलले.

गोखले स्वतः गुहागरजवळच्या कोतळूकचे. समोर बसलेल्यांत कितीतरी कोकणातून समुद्र ओलांडून आलेले. इंग्रजीवर असामान्य हुकमत असलेला हा वक्ता सात समुद्रांपलीकडे आपल्याच कोकणातल्या माणसांशी इंग्रजीत बोलला असता, आणि एका गुजराती माणसाच्या हट्टामुळे मराठीत बोलला! मराठीच्या अभिमानाच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी ही गोष्ट जवळ ठेवावी. भाषेचा मुद्दा इथे अस्मितेचा नव्हता. समोरच्या माणसाला कळलं पाहिजे, इतका साधा होता.

तिसरी गोष्ट थोडी कडवट आहे. जोहान्सबर्गपासून एकवीस मैलांवर टॉलस्टॉय फार्म होता, हर्मान कॅलनबाख यांनी सत्याग्रहींना वापरायला दिलेली ११०० एकर जमीन. स्टेशनापासून चालत जावं लागे. गोखल्यांना चालवत नेलं, वाटेत पाऊस लागला, त्यांना सर्दी झाली. फार्मवर सगळे जमिनीवर झोपत. गोखल्यांसाठी एक खाट मागून आणली होती. बाकीचे खाली झोपतात हे कळल्यावर त्यांनी खाट काढायला लावली आणि तेही जमिनीवर झोपले. अंग चेपू द्यायला तयार नाहीत, सेवा करू द्यायला तयार नाहीत. गांधींनी फार गयावया केली तेव्हा रागावून जे बोलले त्याचा मतितार्थ असा, की कष्ट सोसायला तुम्हीच तेवढे जन्माला आलात आणि आमच्यासारखे लाड करून घ्यायला, असं तुम्हाला वाटतं. आज या अतिरेकाची शिक्षा भोगा.

ही टीका साधी नाही. त्यागाला एक अहंकार चिकटू शकतो, पाहुणचारसुद्धा समोरच्याला कमी लेखणारा होऊ शकतो, हे गोखल्यांनी गांधींना तोंडावर सांगितलं. गांधींबद्दल नंतर अनेकांनी जी तक्रार केली तिची ही फार लवकरची आणि फार प्रेमळ आवृत्ती. आणि ती आपल्याला कळते ती गांधींनीच लिहून ठेवली म्हणून.

आता पुन्हा तीन पौंड. १४ नोव्हेंबरला प्रिटोरियात गोखले जनरल बोथा आणि जनरल स्मट्स यांना भेटले. गांधी मुद्दाम सोबत गेले नाहीत, पण आधी सगळी टिपणं तयार करून दिली आणि गोखल्यांनी त्यांवर त्यांची उलटतपासणी घेतली. पुण्यातल्या मास्तरांची सवय गेली नव्हती. भेटीहून आल्यावर गोखल्यांनी सांगितलं, की सगळं ठरलं. काळा कायदा रद्द होईल, वंशभेदाचं कलम जाईल, तीन पौंडांचा कर उठेल. वर्षभरात तुम्ही हिंदुस्थानात या. गांधींना खात्री वाटली नाही. या मंत्र्यांना मी तुमच्यापेक्षा जास्त ओळखतो, असं त्यांनी सांगितलं. पण वचन मिळालंय याचं मोल मात्र त्यांनी ओळखलं.

पुढच्या वर्षी स्मट्सनी पार्लमेंटात जाहीर केलं, की नाताळच्या गोऱ्यांचा विरोध असल्याने कर रद्द करता येत नाही. इथे मवाळांचं अपयश म्हणून धडा संपवता येईल. भाबडे गोखले, फसवणारे गोरे, संपलं. पण खरी गोष्ट इथून सुरू होते.

सत्याग्रहाचा एक नियम गांधी कसोशीने पाळत. लढा चालू असताना मागण्या वाढवायच्या नाहीत. तीन पौंडांचा कर मूळ लढ्याच्या मागण्यांत नव्हता, म्हणून तो मध्येच घुसवता येत नव्हता. गोखल्यांना दिलेलं वचन सरकारने मोडलं आणि हा अडसर गेला. गोखल्यांना दिलेलं वचन म्हणजे हिंदुस्थानाला दिलेलं वचन, ते मोडणं हा देशाचा अपमान, आता हा विषय लढ्यात घेणं हे कर्तव्यच झालं. तोवर लढ्यात होते व्यापारी, फेरीवाले, थोडे शिकलेले लोक. गोखल्यांनी तुमच्या शांतिसेनेत माणसं किती, असं विचारलं होतं तेव्हा गांधींनी जास्तीत जास्त ६५-६६ आणि कमीत कमी १६ असा आकडा कळवला होता. कराचा मुद्दा आल्याबरोबर ज्यांच्या मानेवर तो कर होता ते उठले. ऑक्टोबर १९१३ मध्ये न्यूकॅसलच्या कोळसा खाणींत संप झाला. ६ नोव्हेंबरला ट्रान्सवालच्या हद्दीकडे जो मोर्चा निघाला त्यात २०३७ पुरुष, १२७ बायका आणि ५७ मुलं होती. तिकडे गोखले आजारी असतानाही हिंदुस्थानात पैसे उभे करत होते, व्हाइसरॉयपर्यंत बातम्या पोचवत होते, अँड्र्यूज आणि पिअर्सन यांना आफ्रिकेला धाडत होते. १९१४ च्या कायद्याने कर रद्द झाला.

म्हणजे अर्ज आणि संप हे दोन वेगळ्या पंथांचे मार्ग आहेत, ही आपली शाळकरी विभागणी इथे टिकत नाही. गोखल्यांनी शब्द मिळवला नसता तर तो मोडला गेला नसता, आणि मोडला गेला नसता तर मजूर ज्या मागणीवर उठले ती मागणी लढ्यात आली नसती. एकाच्या विनवणीने दुसऱ्याच्या लढ्याला नैतिक जागा करून दिली. गोखल्यांचं अपयश फुकट गेलं नाही, असं म्हणणंही अपुरं आहे. ते अपयश त्या लढ्याच्या पायातला दगड होतं.

९ जानेवारी १९१५ रोजी गांधी मुंबईत उतरले. गोखल्यांची प्रकृती ढासळली होती, तरी ते भेटायला मुंबईला आले. पुण्यात त्यांनी गांधींना आपल्या भारत सेवक समाजात घ्यायचं ठरवलं, पण समाजाच्या सभासदांना गांधींच्या विचारांची आणि पद्धतींची धास्ती वाटत होती. गोखल्यांनी त्यातून वाट काढली. सभासद करून घेतलं नाही तरी मी तुम्हाला सभासदच समजेन, असं सांगितलं आणि समाजाच्या हिशोबात आश्रमाच्या खर्चासाठी गांधींच्या नावाने खातं उघडायला लावलं. गांधींच्या स्वागताला त्यांनी भुईमूग, खजूर, ताजी फळं असा फराळ ठेवला होता, कारण पाहुणा काय खातो ते माहीत होतं. खोलीतून चार पावलं चालत ते तिथे आले आणि मूर्च्छा येऊन पडले. शुद्धीवर आल्यावर निरोप पाठवला, की कार्यक्रम चालू ठेवा.

एक अट मात्र घातली होती. वर्षभर देश हिंडा, अनुभव घ्या, तोवर सार्वजनिक प्रश्नांवर मत देऊ नका. 'हिंद स्वराज'मधल्या कल्पनांना गोखले हसत, आणि वर्षभर इथे राहिलात की ही मतं आपोआप ताळ्यावर येतील असं म्हणत. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले वारले. गांधी तेव्हा शांतिनिकेतनात होते. तार मिळाल्यावर पुण्याला आले. पुढे समाजाच्या सभासदत्वासाठी त्यांनी अर्ज केला, पण सभासदांत मतभेद आहेत हे दिसल्यावर तो मागे घेतला. वर्षभर मौनाचा शब्द पाळला. फेब्रुवारी १९१६ मध्ये काशीच्या हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात ते बोलले तेव्हा राजेरजवाडे उठून गेले आणि ॲनी बेझंटना मध्ये पडावं लागलं. वर्ष भरलं होतं. मतं काही ताळ्यावर आली नव्हती.

आता या आठवणी कधी लिहिल्या गेल्या ते पाहू. सत्याग्रहाच्या इतिहासाचं लेखन गांधींनी नोव्हेंबर १९२३ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात सुरू केलं, म्हणजे फर्ग्युसनपासून काही मैलांवर. उरलेला भाग सुटकेनंतर झाला. आत्मकथेची प्रकरणं १९२५ पासून 'नवजीवन'मध्ये आली. तोवर असहकाराचं आंदोलन होऊन गेलं होतं. गोखल्यांच्या जागी आलेले श्रीनिवास शास्त्री त्या आंदोलनाच्या विरोधात होते. गोखल्यांच्या माणसांना वाटत होतं, की गांधींनी गुरूची वाट सोडली. अशा वेळी सोपा मार्ग होता. गोखले आज असते तर माझ्याबरोबर असते, असं म्हणून मोकळं व्हायचं. गेलेला माणूस काही नाही म्हणायला येत नाही. आपल्याकडे दर निवडणुकीत हेच होतं. प्रत्येक गेलेला नेता कुणाच्या ना कुणाच्या व्यासपीठावर हजर असतो आणि बोलावणाऱ्याच्या मताशी शंभर टक्के सहमत असतो.

गांधींनी तसं केलं नाही. त्यांच्या आठवणींतले गोखले त्यांच्यावर हसतात, रागावतात, त्यांच्या हिंदुस्थानीची टर उडवतात, खाट काढायला लावतात, त्यांच्या पुस्तकाशी असहमत राहतात. गांधीही ट्रामबद्दल आणि व्यायामाबद्दल आपलं म्हणणं सोडत नाहीत. वचनाबाबत गांधींचा अंदाज बरोबर निघाला, पण ती हकिगत सांगताना 'मी म्हटलंच होतं' असा सूर कुठेही लागत नाही. गुरू मानायचं म्हणजे त्याच्या मतांना मान डोलवायची असं त्यांनी मानलं नाही, आणि मतभेद झाले म्हणून नातं संपलं असंही नाही. शब्द दिला होता म्हणून वर्षभर गप्प राहणं आणि वर्ष संपल्यावर स्वतःचं तेच बोलणं, दोन्ही त्यात बसतं.

आज आपल्याला दोनच प्रकार येतात. भक्ती, नाहीतर मोडतोड. नेत्याचं एक वाक्य पटलं नाही की सगळा माणूस टाकून द्यायचा, किंवा माणूस आवडला की त्याचं प्रत्येक वाक्य डोक्यावर घ्यायचं. गोखल्यांना आपण टाकून दिलं ते अशाच हिशोबाने, 'मवाळ' या एका शब्दात. त्यांच्या सर्वांत मोठ्या शिष्याने त्यांना आठवलं ते वेगळ्या पद्धतीने. भांडण झालं तेही लिहून ठेवलं, आणि उपरणं न जाळता इस्त्री करून परत दिलं.